दुसऱ्याच्या सुरीची धार

"धार लावनारा मानूस लबाड असते," असं मामाजी म्हणायचे, आणि हे म्हणताना ते स्वतःच दगडावर पाणी शिंपडून कुणाची तरी सुरी घासत बसलेले असायचे. मग आपल्याच वाक्यावर खूश होऊन, विडी ओठात तशीच ठेवून हसायचे. त्या काळी मला त्या हसण्याचा राग यायचा. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून पुष्कळ म्हातारा झालो आहे, पेन्शन खातो आहे, आणि राग कुणाचा धरायचा हे मला चांगलं ठाऊक झालं आहे.

मामाजी म्हणजे काही माझे सख्खे मामा नव्हेत. भिलाईचा कारखाना उभा राहायचा होता, चिमण्यांच्या जागी नुसते खड्डे होते, तेव्हाची ही गोष्ट. मरोद्याच्या बाजूला आमच्या सर्व्हेच्या टोळीचे तंबू होते. साहेब सोडून टोळीत अकरा जण, बहुतेक भंडारा-गोंदियाकडचे. साहेब दुर्बिणीतून बघायचे, मी जमीन मोजायची साखळी ओढायचो, आणि दुर्बिणीच्या रेषेत जे झाड-झुडूप आडवं येईल ते मामाजी तोडायचे. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक, डाव्या कानाची पाळी अर्धी गायब. ती कुठे गेली असं विचारलं की प्रत्येकाला वेगळं उत्तर. मला म्हणाले, अस्वलाने नेली. स्वयंपाक्याला म्हणाले, बायकोने.

टोळीत नवा माणूस आला की मामाजी त्याचं नाव-गाव विचारायचे नाहीत, सुरी मागायचे. आम्हा सगळ्यांच्या कमरेला सुरी असायचीच. खुंट्या तासायला, दोर कापायला, काटा काढायला. बहुतेक सुऱ्या मोडक्या ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून दुर्गच्या लोहाराकडून घडवून आणलेल्या. मामाजी ती हातात घेऊन उलटीसुलटी करायचे, पात्याला नखाने टिचकी मारून कानाशी धरायचे आणि मग त्या माणसाची कुंडली मांडायचे. एका स्टोअरकीपरला त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तुया सुरीचं टोक मोडलं हाय. डबा उघडला असशीन यानं. जो सुरीनं डबा उघडते, तो घरी बायकोवर हात टाकते." तो बायकोला मारायचा की नाही देव जाणे, पण त्या दिवसापासून मामाजी दिसले की तो सुरी सदऱ्याखाली लपवायचा.

सवयी म्हणाल तर एकेक नमुनेदार. विडी आमची ओढायचे, पण काडेपेटी शिवायचे नाहीत. चकमकीचा दगड आणि सावरीचा कापूस काढून, वारा असो की धूळ, सगळी टोळी खोळंबून ठेवून विडी पेटवायचे. सुरीने कांदा कापायचे नाहीत, बुक्कीने फोडायचे. दुसऱ्याने सुरी जमिनीत खुपसून ठेवली तर मुलाला उन्हात टाकून दिल्यासारखे खेकसत, ती उपसून, पुसून, त्याच्या हातात देत. आणि बोलणं फाटकं. "तू सुरी धरून राहिला का गाईचं शेपूट?" हे मला त्यांच्याकडून मिळालेलं पहिलं वाक्य.

रविवारी त्यांचा खेळ असे. दुपारी जेवणाआधी मरोद्याच्या तलावाकाठी दोघेदोघे पैजेला बसायचे. बांधकामाच्या परांचीसाठी आलेल्या बांबूंतला एकेक कांडका दोघांना द्यायचा. त्याच्या एकसारख्या एकवीस कामट्या काढायच्या, एकही तुटता कामा नये. मग ओल्या लाकडाचा वरचा भाग तासून आतलं कोरडं काढायचं, त्याचे केसांसारखे बारीक छिलके पाडून चकमकीने पेटवायचे आणि हिरव्या बांबूच्या नळीत पाणी उकळायचं. शेवटी त्याच सुरीने, मध्ये दगडाला न लावता, हातावरचे केस भादरून दाखवायचे. इतकं काम करूनही जिची धार टिकते ती सुरी, आणि जो टिकवतो तो माणूस.

इथवर कुणीही समजू शकेल. पण मामाजींच्या खेळाचा एक नियम होता आणि तो मी पुढे कुठेही पाहिला नाही. आपल्या सुरीला आपण धार लावायची नाही. आदल्या संध्याकाळी सुऱ्यांची अदलाबदल व्हायची. मी तुमच्या सुरीला धार लावणार, तुम्ही माझ्या. सकाळी सुरी हातात आली की ती जशी आली तशी वापरायची. तिला दगड दाखवायचा नाही आणि तक्रार करायची नाही.

"आपल्या सुरीले कुत्रंबी धार लावन," मामाजी म्हणायचे. "ज्यानं उद्या तुले हरवाचं हाय, त्याच्या सुरीले लावून दाखव. मंग तुले मानूस म्हनतो मी."

हा नियम त्यांना सुचला कुठून, ते त्यांनी एकदा सांगितलं. तरुणपणी ते गोंदियाकडच्या जंगलात ठेकेदाराकडे बांबूतोडीला होते. मामाजींच्या घरच्यांनी पुढे नागपूरला दीक्षा घेतली, पण तेव्हा ते गावकुसाबाहेरचे. "ठेकेदार आमच्या हातचं पानी नाई प्याचा. पन सुरी मात्र माह्याकडूनच धार लावून न्याचा. माह्या हातची सुरी गळ्याजवळून फिरवून दाढी कराचा, अन पानी म्हटलं का बाटते. तवा मले समजलं, भरोसा पान्यात नसते, धारेत असते."

दुसरा नियम असा की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला त्या दिवशीचं जेवण वाढायचं. मी पहिल्यांदा त्यांच्यापुढे हरलो तेव्हा भाताचं पातेलं हातात घेऊन तसाच उभा राहिलो. आमचं घर शेतकऱ्याचं, आणि आमच्या ओट्याच्या वर त्यांच्या वस्तीतला माणूस कधी चढला नव्हता. मामाजींनी ताटावरून मान वर केली. "वाढाचं हाय, तुले जेवाले कोनी बसवत नाई. वाढून दे, मंग उठून जाचं तर जाय." मी वाढलं आणि त्यांच्या शेजारी बसून जेवलोही. त्या दिवशी मला वाटलं होतं, आपण केवढं मोठं काम केलं. मला आज लाज वाटते ती त्या वाटण्याची.

हळूहळू मी त्यांचा झालो. राजहऱ्याच्या रेल्वे लाइनच्या मोजणीला आम्ही जंगलात गेलो होतो, तेव्हा पौषात तीन दिवस अवकाळी पाऊस धरून बसला. काडेपेट्या भिजल्या, लाकडं भिजली, साहेबांचं अंथरूण भिजलं. मामाजींनी वाळलेल्या खैराची फांदी फोडली, तिचा कोरडा गाभा काढला आणि छिलके पाडत बसले. सगळी टोळी कुडकुडत भोवती उभी. जाळ झाला, तसे ते आधी माझ्यावरच ओरडले. "तुयी सुरी आन इकडं! बोथरी हाय. मानूस थंडीनं नाई मरत बे, बोथऱ्या सुरीनं मरते." आणि त्या जाळापाशी बसवून त्यांनी मला धार लावायला शिकवलं.

तेव्हाच त्यांनी मला लबाड धारही दाखवली. पातं एकाच अंगाने दगडावर घासत राहिलं की कडेला केसाहूनही बारीक अशी एक पत्र्याची किनार उभी राहते. अंगठा लावला तर ती धारेसारखीच लागते, किंबहुना धारेहून तेज. केसही भादरते. पण ती किनार म्हणजे धार नव्हे. ती दुसऱ्या अंगाने घासून, मग चामड्यावर ओढून मोडून काढावी लागते. नाही काढली, तर बांबूच्या दुसऱ्याच घावाला लोळते आणि पातं पार मरून जातं. "हे ज्याले ओयखता येते तो कारागीर," मामाजी म्हणाले. "अन जो जानून ठेवते तो चोर." ओळखायची खूण म्हणजे नख. नखावरून पातं अलगद ओढलं की लबाड धार अडकते.

मग कारखाना उभा राहिला. चिमण्या आल्या, भट्ट्या पेटल्या, लोक ट्रकवर चढून नाचले. आणि ज्यांनी जमीन मोजली, खड्डे खणले, त्यांच्या हातात छाटणीचे कागद पडू लागले. काम संपलं, माणूस संपला. आमच्या अकरांपैकी नऊ जण एकेक करून पेटी उचलून गेले. उरलो मी आणि मामाजी. सर्व्हे सेक्शनमध्ये कायम खलाशाची, म्हणजे मोजणीच्या मदतनिसाची, एकच जागा होती.

इथे दोघांच्या घरचं सांगायला हवं. माझी बायको गावी, सातवा महिना लागलेला. जमीन पाच एकर आणि आम्ही भाऊ चार. आणि मामाजींच्या बायकोला दमा. महिनाभर त्यांनी तिला तंबूत आणून ठेवलं होतं. तिचा श्वास बाहेर ऐकू यायचा. कायम माणसाच्या घरच्यांना कारखान्याच्या दवाखान्यात औषध मिळतं हे त्यांना कुणी तरी सांगितलं होतं, आणि ते त्यांनी मला चारदा सांगितलं. त्या बाईने मला महिनाभर भाकऱ्या करून घातल्या होत्या. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

साहेबांना आमचा रविवारचा खेळ माहीत होता. कधी कधी खुर्ची टाकून बघायलाही यायचे. शुक्रवारी त्यांनी दोघांना बोलावलं आणि हसत हसत म्हणाले, "अरे भाई, झगड़ा किस बात का? तुम्हारे इतवार के खेल से ही तय कर लेते हैं. जो जीतेगा, वो रहेगा." आम्ही दोघंही हो म्हणालो. वरचा माणूस हसत बोलला की खालच्याने ते खरं मानायचं, ही आमची जुनी खोड. सरकारी नोकरी बांबूच्या कामट्यांवर ठरत नसते, हे आम्हाला कळायला हवं होतं. पण आमच्या जगात त्या कामट्यांइतकं न्यायाचं दुसरं काही नव्हतंच.

बाहेर आल्यावर मामाजी म्हणाले, "बरं झालं. चिठ्ठ्या टाकल्या असत्या त नशीब लागलं असतं. यात हात लागते."

शनिवारी संध्याकाळी आम्ही सुऱ्या बदलल्या. मी त्यांची सुरी घेऊन तंबूमागे बसलो. सुरुवात मी नेहमीसारखीच केली. एक बाजू घासली, किनार उभी राहिली, अंगठ्याला लागली. आता पातं उलटवायचं. मी उलटवलं नाही. तसाच बसून राहिलो. मनात बायको आली, भाऊ आले, वहिनीची बोलणी आली. हे सगळं खरं होतं. पण खरं कारण याहून साधं होतं: त्यांच्याशी सरळ खेळून मी जिंकणार नव्हतो आणि हे मला माहीत होतं. मी सुरी पुसली, त्यांना नेऊन दिली आणि म्हणालो, "घ्या मामाजी, मस्त झाली." त्यांनी न बघता ती कमरेला लावली. माझ्यावर त्यांचा तेवढा भरवसा होता.

त्यांनी माझी सुरी दिली ती मी हातात घेऊन पाहिली. तितकी सुंदर धार मी जन्मात दुसरी पाहिलेली नाही.

रविवारी साहेब दोन मित्रांना घेऊन आले. खुर्च्या मांडल्या, थर्मासमधून चहा ओतला. आम्ही आमनेसामने बसलो. मामाजींनी सवयीने सुरी काढली आणि नखावरून ओढली. तिथे ते थांबले. पुन्हा एकदा ओढली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, विडीचा एक झुरका मारायला लागतो तेवढाच. मी बांबूकडे बघत होतो.

त्यांच्या पायात चामड्याच्या वहाणा होत्या. वहाणेच्या तळाला सुरी चारदा उलटसुलट ओढली असती, तर किनार मोडून बरीचशी धार जागेवर आली असती. नियमात दगड दाखवायचा नाही एवढंच होतं, वहाणेचं नाव नव्हतं. साहेबांना सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण आली तशी घ्यायची, तक्रार करायची नाही, हा नियम त्यांचा स्वतःचा होता. त्यांनी बांबू पायात धरला आणि पहिला घाव घातला.

चौथ्या कामटीला पातं मेलं. बांबू चिरायच्या ऐवजी फाटू लागला. त्यांनी जोर लावून अकरापर्यंत नेलं, मग एक कामटी मधूनच तुटली. माझ्या एकवीस झाल्या, जाळ झाला, पाणी उकळलं. शेवटी मी हातावरचे केस भादरून दाखवले, ते त्यांनीच लावलेल्या धारेने. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा एक मित्र म्हणाला, "उस्ताद बूढ़ा हो गया." मामाजी त्यांच्याबरोबर हसले आणि म्हणाले, "हाँ साब, हाथ काँपता है अब." त्यांचा हात कधी कापत नसे.

मग जेवण. हरणाऱ्याने वाढायचं. मला वाटलं, आज ते पातेलं माझ्या अंगावर फेकतील. मला ते हवंही होतं. त्यांनी नीट भात वाढला, वर वरण घातलं, मिरचीचा ठेचा ताटाच्या कडेला ठेवला. "जेव पोटभर. लाजून कावून राहिला?" घास घशात अडकला असं मला इथे लिहिता आलं असतं. अडकला नाही. मी दोनदा भात मागून घेतला.

बुधवारी ते बायकोला घेऊन गेले. जाताना माझ्या तंबूपाशी थांबले, बायकोची वळकटी खांद्यावर नीट केली आणि म्हणाले, "पोरगं झालं त कळव." इतर काही नाही.

पोरगं झालं. मी कळवलं नाही. दोन महिन्यांनी नोकरीच्या कागदांवर सह्या करायला मला ऑफिसात बोलावलं. तिथले मोठे बाबू नागपूरचे, गप्पिष्ट. मी सहज म्हणालो की मोठी पैज जिंकून ही जागा मिळवली. ते टाइपरायटरवरचे हात थांबवून माझ्याकडे पाहू लागले.

"कसली पैज बे? तुयं नाव त त्या इतवाराच्या आदल्या मंगळवारीच यादीत टाइप होऊन वर गेलतं. हे पाह्य, तारीख."

"अन मामाजी?"

"त्या म्हाताऱ्याचं कसं येईन? वयाचा दाखला नाई, भरतीचं वय कवाच उलटलं. साहेबाले माहीत होतं ना. इतवारी पाहुन्याले तमाशा दाखवाचा होता, बस."

साहेबांना मी त्या दिवशी मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे छापता येणार नाहीत. दोन माणसांचं पोट पणाला लावून त्याने चहा पीत तमाशा पाहिला. आजही त्याचा चेहरा आठवला की तोंड कडू होतं. पण खरं सांगायचं तर त्या रागाच्या तळाशी मला हायसं वाटलं होतं. म्हणजे माझ्यामुळे मामाजींची नोकरी गेलीच नाही! ती त्यांना मिळणारच नव्हती. ही बातमी मी त्यांना द्यायला हवी असं मला वाटलं. त्यांच्या मनाला बरं वाटेल असं मी स्वतःला सांगितलं. बरं कुणाला वाटायचं होतं ते उघड आहे.

ते कुम्हारीला विटांच्या भट्टीवर आहेत असं कळलं होतं. सुट्टीच्या दिवशी मोटरने गेलो. सडकेपासून थोडं आत भट्टी, तिच्या कडेला पऱ्हाटीच्या कुडाच्या झोपड्या. मामाजींच्या बायकोने मला लांबूनच ओळखलं. धुरात तिचा दमा वाढला होता, एकेक शब्दाला ती थांबत होती. "या भाऊ, बसा. हे तुमचं लय नाव घेतेत. म्हनते, पोरगं जिंकलं ते बरं झालं, लेकराबायाचं हाय." तिने चुलीवर चहा ठेवला. तिला काही माहीत नव्हतं. त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

मामाजी भट्टीवरून आले. हात विटांच्या मातीने भरलेले, कमरेला सुरी नव्हती. आम्ही बाहेर दगडावर बसलो. त्यांनी मुलाचं विचारलं, मी सांगितलं. मग मी घाईघाईने यादीचं सांगितलं. मंगळवारची तारीख, वयाचा दाखला, साहेबांचा तमाशा, सगळं. धारेबद्दल मी चकार शब्द काढला नाही. शेवटी म्हणालो, "म्हंजे मामाजी, त्या पैजेनं काईच होनार नव्हतं. जागा तुमाले भेटनारच नव्हती. तुमी मनाले लावून नोका घेऊ."

ते नखांतली माती काढू लागले.

"म्या मनाले लावूनच नोयतं घेतलं," ते म्हणाले. "सुरी नखावर ओढली तवाच म्या सोताले सांगतलं, पोटासाठी केलं यानं. बायको पोटुशी हाय, घरी थारा नाई. पोटापुढं कोनाचं चालते? म्या असतो त म्याबी केलं असतं, असं म्हनून रोज झोपतो मी." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अन आता तू सांगून राहिला का जागा पयलेच तुयी होती."

"हाव, पन मले तवा..."

"मंग त तुनं फुकटच केलं रे," मामाजी म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग असता तर मी तो घेऊन परत आलो असतो आणि तेवढ्यावर भागलं असतं. राग नव्हता. त्यांना माझी कीव आली होती. ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि वळून न बघता भट्टीकडे गेले. मी सडकेच्या दिशेने चालू लागलो. मागून त्यांची बायको धापा टाकत हाका मारत होती, "भाऊ, अवो भाऊ, चहा तं पिऊन जा ना."